लहान मुलांच्या घरातलं धुणं आणि घरकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ तीन किलोचं असतं, पण त्याचं धुणं घरातल्या मोठ्या माणसांपेक्षा जास्त निघतं. पुढे ते रांगायला लागलं, शाळेत जायला लागलं की धुण्याचा प्रकार बदलतो, ढीग तसाच राहतो. खालचे प्रश्न नव्या आया, काही बाबा आणि काही आज्याही पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं आपल्याकडच्या नेहमीच्या घरांना धरून आहेत: दोन खोल्या किंवा छोटा फ्लॅट, एक गॅलरी, ठरावीक वेळेला येणारं पाणी, आणि धुण्याभांड्याला मावशी असतील किंवा नसतील. एका ठिकाणी आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सगळं काम रोज उरकत नाही. काय केलंच पाहिजे आणि काय राहिलं तरी चालेल?

जे काम आज राहिलं तर उद्या दुप्पट होतं किंवा कुणाला त्रास होतो, ते आजच करायचं. जे उद्याही तेवढंच असणार, ते थांबू शकतं. या मापाने रोजची कामं थोडीच उरतात: शी-शूचे आणि दुधाचे ओले कपडे, खरकटी भांडी, ओला कचरा, पिण्याचं पाणी, आणि बाळ रांगत असेल तर त्याच्या वाटेतली फरशी.

जळमटं, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, इस्त्री, डबे घासणं ही सगळी कामं थांबतात. वाळलेल्या कपड्यांच्या घड्याही थांबतात. टोपलीत चुरगळून पडलेला धुतलेला कपडा स्वच्छच असतो. ओल्या कपड्यांना मात्र ही सवलत नाही. मशीनमध्ये किंवा बादलीत रात्रभर राहिलेला ओला पिळा सकाळपर्यंत कुबट वास धरतो आणि तेच धुणं पुन्हा धुवावं लागतं.

२. मशीन रोज लावावं की दोन-तीन दिवसांचं धुणं साठवून?

मशीन किती किलोचं आहे यावरून ठरवू नका, दोरीवरून ठरवा. सात किलोचं मशीन भरून लावलं तर दोन मोठ्या चादरी, तीन-चार टॉवेल आणि वर मोठ्यांचे सात-आठ कपडे सहज निघतात. गॅलरीतल्या चार दोऱ्यांवर हे एकेरी मावत नाही. मग कपडे एकमेकांवर चढतात, आतली बाजू दमट राहते, संध्याकाळी ते खुर्चीवर येऊन पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या धुण्याला जागाच उरत नाही. बहुतेक घरांत ढीग साठतो तो धुण्याच्या टप्प्यावर नाही, वाळवण्याच्या टप्प्यावर.

म्हणून दोरीवर एकेरी मावेल एवढंच धुवा. लहान मूल असलेल्या घरात याचा अर्थ बहुधा रोज एक छोटं धुणं. चादरी आणि टॉवेल यांचे वार वेगळे ठेवा. पाणी पहाटे येत असेल तर कपडे रात्री कोरडेच मशीनमध्ये भरून ठेवा आणि पाणी आल्यावर बटण दाबा. ज्या मशीनला उशिरा सुरू होण्याची सोय आहे, तिथे धुणं तुम्ही उठायच्या वेळी संपेल असं लावता येतं.

पाण्याची ओढ असलेल्या गावात सेमी-ऑटोमॅटिक मशीनला कमी लेखू नका. त्यात साबणाचं एकच पाणी आधी बाळाच्या साध्या कपड्यांना, मग मोठ्यांच्या, शेवटी पायपुसण्यांना वापरता येतं. शेवटच्या खंगाळण्याचं पाणी फरशीला किंवा संडासात ओतायला ठेवावं.

३. नवजात बाळाचे कपडे वेगळे धुवायचे का? वेगळी पावडर, डेटॉल वगैरे लागतं का?

पहिले काही महिने वेगळे धुतलेले बरे. बाळासाठी म्हणून विकली जाणारी महाग द्रावणं घेतलीच पाहिजेत असं नाही. कमी वासाची साधी पावडर, नेहमीपेक्षा कमी प्रमाणात, आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून खंगाळणं पुरतं. बाळाच्या अंगाला त्रास होतो तो बऱ्याचदा कापडात राहिलेल्या साबणाचा. शेवटच्या पाण्यात फेस दिसत असेल किंवा वाळलेला लंगोट कडक लागत असेल, तर अजून एक पाणी काढा. नवीन झबली-टोपरी अंगावर घालण्याआधी एकदा धुवा.

धुण्याच्या पाण्यात रोज जंतुनाशक ओतण्याची गरज नाही. साबण, भरपूर पाणी आणि कडक वाळवणं यानेच काम होतं; जंतुनाशकाचा राहिलेला अंश नाजूक त्वचेला झोंबू शकतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर लंगोटांना आणि पंचांना लावू नका, त्याचा थर बसला की कापड पाणी शोषत नाही.

४. सुती लंगोट रोज कसे धुवायचे? पिवळे डाग जात नाहीत.

पहिल्या महिन्यात दिवसाला पंधरा-वीस लंगोट आणि आठ-दहा दुपटी लागणं अगदी नेहमीचं आहे. ते एकेक करून धुवत बसलात तर दिवस त्यातच जाईल. शूचा लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढून पिळून ठेवा. शीचा लंगोट संडासावर धरून स्प्रेने किंवा तांब्याने शी खाली पाडा, आणि थंड पाण्याने. गरम पाणी आधी लागलं की शी, दूध, रक्त यांच्यातली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. मग दिवसातून एकदा सगळे लंगोट कोमट पाण्यात थोड्या पावडरीत अर्धा तास भिजवा, चोळा किंवा मशीनला लावा, दोनदा खंगाळा.

अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाची शी मोहरीच्या रंगाची असते आणि तिचा पिवळा डाग धुऊनही दिसतो. त्यावर ब्रश घासून कापड विरवू नका. लंगोट ओला असतानाच डागाची बाजू वर करून उन्हात टाका. दोन-तीन उन्हांत डाग फिका पडत जातो. फिका डाग राहिला तरी लंगोट स्वच्छ आहे.

मालिशच्या तेलाची कहाणी वेगळी आहे. तेल प्यायलेलं दुपटं कितीही धुतलं तरी ओशट राहतं, पुढे त्याला खवट वास येतो. असं दुपटं पाण्यात घालण्याआधी कोरड्या कापडावरच भांडी घासायच्या द्रावणाचे थेंब टाकून बोटांनी चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग नेहमीसारखं धुवा. त्याहून सोपं म्हणजे मालिशीसाठी दोन जुनी सुती कापडं कायमची वेगळी काढून ठेवावीत.

५. डायपर वापरले तर आळशीपणा होतो का? आणि ते टाकायचे कसे?

आळशीपणा अजिबात नाही. रात्री आणि प्रवासात डायपर, दिवसा घरी लंगोट ही बऱ्याच घरांना झेपणारी वाटणी आहे. पावसाळ्यात डायपर वाढले तरी मनाला लावून घेऊ नका.

टाकण्याच्या बाबतीत मात्र आपण सगळ्यांनीच जास्त काळजी घ्यायला हवी. शी असेल तर ती आधी संडासात पाडा, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी चिकटवा, वर्तमानपत्रात बांधा आणि कागदावर लाल पेनाने मोठा ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची खूण लोकांपर्यंत नेली. ते पुडकं कुणीतरी हाताने वेगळं करणार असतं, ठिपका दिसला की तिला ते उघडून बघावं लागत नाही. ओल्या कचऱ्यात डायपर टाकू नका, संडासात तर मुळीच नाही.

६. हळद, दूध, पेन, चिखल: कुठल्या डागाला काय लावायचं?

प्रथिनांच्या डागांचा नियम प्रश्न ४ मध्ये आला: आधी थंड पाणी. दूध, अंडं, रक्त, उलटी या सगळ्यांना तोच.

सगळ्यात जास्त विचारणा हळदीची होते. मुलाने वरणभात सांडला, तुम्ही साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला की धस्स होतं. कपड्याचा रंग गेला असं वाटतं, पण तसं काही झालेलं नसतं. हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाला भेटलं की लाल होतं आणि साबण धुऊन गेला की पुन्हा पिवळं दिसतं. हेच रंगद्रव्य उन्हात मोडतं. म्हणून आधी भांड्यांच्या द्रावणाने फोडणीचं तेल काढा, नेहमीसारखं धुवा आणि ओला कपडा थेट उन्हात घाला. सावलीत आठवडाभर टांगलेल्या कपड्यावरची हळद तशीच राहते, चांगल्या उन्हात एक-दोन दिवसांत उतरते.

चिखल ओला असताना चोळला की पसरतो. वाळू द्या, झटका, मग धुवा. बॉलपेनच्या शाईखाली जुनं फडकं ठेवा आणि वरून स्पिरिट किंवा सॅनिटायझरचा बोळा टेकवत राहा, शाई खाली उतरते. गंजाला लिंबू-मीठ आणि ऊन. केळीच्या चिकाचा जुना काळा डाग जात नाही, तो कपडा घरात घालायला ठेवावा. कुठलाही डाग गेल्याची खात्री होईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवू नका.

७. नवा रंगीत फ्रॉक पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो ना?

नाही. कारखान्यात पक्का न झालेला रंग घरी मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. पहिले दोन-तीन वेळा वेगळा, थंड पाण्यात धुवा. ओल्या पांढऱ्या रुमालाने आतली शिवण घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो फ्रॉक शाळेच्या शर्टाबरोबर टाकू नका.

८. मशीनमध्ये धुऊनही कपडे कडक लागतात, काळ्या कपड्यांवर पांढरी पूड दिसते.

दोन कारणं: बोअरचं जड पाणी आणि जास्त पावडर. जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून आपण आणखी पावडर घालतो, ती नीट विरघळत नाही आणि कपड्यांवर बसते. पावडर आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घाला, मशीन गच्च भरू नका आणि एक जादा पाणी लावा. ड्रममध्ये क्षार साठले असतील तर महिन्या-दोन महिन्यांनी सायट्रिक ॲसिड घालून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा. आधी मशीनची पुस्तिका बघा. पुढून उघडणाऱ्या मशीनच्या दाराचं रबर दर आठवड्याला पुसा. त्या घडीत केस, सुटे मोजे आणि काळी बुरशी हमखास सापडते.

९. गरम पाण्यात धुणं गरजेचं आहे का? बिल वाढतं.

रोजच्या धुण्याला साधं पाणी पुरतं. मशीनच्या बिलातला मोठा भाग पाणी तापवण्याचा असतो: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, प्रत्येक धुण्याला. ६० अंश राखून ठेवा आजारपणासाठी (प्रश्न १७) आणि वास धरलेल्या पंचे-टॉवेलांसाठी.

१०. पावसाळ्यात कपडे वाळतच नाहीत. काय करायचं?

जून ते सप्टेंबर या काळासाठी लंगोट आणि आतले कपडे दीडपट ठेवा. नवीन घेण्यापेक्षा जुन्या मऊ सुती साड्या आणि धोतरं फाडून शिवलेली दुपटी जास्त उपयोगी. ती पातळ असल्याने लवकर वाळतात. जाड टर्किश टॉवेल बांधून ठेवा आणि चार महिने सगळ्यांनी पंचे वापरा. एवढ्या एका बदलाने दोरीवरची गर्दी केवढी कमी होते ते करून बघा.

पाणी कापडात जितकं कमी राहील तितकं बरं, म्हणून स्पिन दोनदा लावा. कपडा बाहेर काढल्यावर दोन्ही हातांनी सण्णकन झटका, खिसे बाहेर काढा, पँटी उलट्या करा, शर्ट हँगरवर घाला. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा. बाहेर मुसळधार असेल तेव्हा गॅलरीतल्या हवेतच पाणी मावेनासं झालेलं असतं. तिथे दिवसभर टांगण्यापेक्षा हॉलमध्ये स्टँडवर, पंख्याखाली कपडे लवकर वाळतात. बाळ झोपतं ती खोली शक्यतो यासाठी वापरू नका, भिंतींना ओल आणि बुरशी धरते. वाळत आलेल्या लंगोटांवर इस्त्री फिरवली की उरलेला दमटपणा जातो.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. लंगोट गॅसच्या ज्योतीवर धरून किंवा शेगडीवर दोरी बांधून वाळवू नका. आणि दारं-खिडक्या लावलेल्या बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कपडे शेकू नका. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. आपल्या आज्यांची घरं कौलारू होती, हवा खेळती होती. ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावलेला फ्लॅट तसा नाही.

११. घड्या घालायचं काम कायम मागे पडतं.

कमी घड्या घाला. मोजे, चड्ड्या, बनियन, लंगोट यांना घडी लागत नाही. माणशी एक टोपली करा आणि दोरीवरून काढतानाच त्या त्या टोपलीत टाका. एका मुलाचे सगळे मोजे एकाच रंगाचे घेतले तर जोड्या लावणं संपतं.

१२. शाळेचा गणवेश आदल्या रात्री धुतलेला नाही असं लक्षात येतं. यावर उपाय?

मूल शाळेतून आलं की गणवेश दारातल्या हुकावर किंवा पलंगावर नको, थेट बादलीत. शक्य असेल तर रोजचे तीन शर्ट ठेवा. अर्धी चड्डी किंवा पिनाफोर दोन पुरतात. कॉलरला आणि मनगटाला वडीचा साबण चोळून दहा मिनिटं ठेवल्यावर मशीनमध्ये टाका. पीटीचे कॅनव्हासचे पांढरे बूट शनिवारी धुतले की रविवार वाळायला मिळतो. वरून पांढरा कागद गुंडाळून वाळवले तर पिवळे डाग कागदावर उतरतात. रात्री दहाला आठवण झालीच, तर शर्ट हाताने धुऊन कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि टॉवेलसकट पिळा. टॉवेल बरंच पाणी ओढून घेतो, उरलेलं काम पंखा आणि सकाळची इस्त्री करते.

१३. मुलांना घरकामाला कितव्या वर्षी लावावं?

चालायला लागलं की. दोन वर्षांचं मूल आपली चड्डी धुण्याच्या टोपलीत टाकू शकतं आणि त्याला ते आवडतं. चौथ्या-पाचव्या वर्षी चिमटे देणं, मोजे जुळवणं, ताटं मांडणं. सातव्या-आठव्या वर्षी स्वतःच्या घड्या, आपलं ताट धुणं. दहाव्या-अकराव्या वर्षी मशीन लावणं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला वाढवलेल्या बालशिक्षणाच्या कामात मुलांची स्वच्छता आणि रोजची साधी कामं शिक्षणाचाच भाग होती. मुलगा असो की मुलगी, यादी तीच ठेवा. आणि मुलाने वाकडी घातलेली घडी त्याच्यासमोर उलगडून पुन्हा घालू नका.

१४. नवरा म्हणतो, “सांग ना, मी करतो की.” पण सांगायचं कामही माझंच राहतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तक्रार खरी आहे आणि ती एका घरापुरती नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करत होत्या, पुरुष ९७. आणि हे फक्त हातांचं काम झालं. लंगोट संपत आलेत, पावडर आणायची आहे, उद्या पीटी आहे, हे लक्षात ठेवण्याची मिनिटं कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

म्हणून सुटी कामं सांगण्याऐवजी एक अख्खं काम वाटून द्या. “धुणं तुझं” याचा अर्थ टोपली बघणं, मशीन लावणं, वाळत घालणं, पाऊस आला की काढणं, कपाटात ठेवणं आणि पावडर संपायच्या आत आणणं. पहिले काही आठवडे ते तुमच्या पद्धतीने होणार नाही. पांढऱ्यात रंगीत जाईल, चिमटे कमी लागतील. तेव्हा हातातून काढून घेऊ नका. ज्या घरात बाबा धुणं करतो, त्या घरात त्याला “मदत करतो” म्हणणंही थांबवावं असं माझं स्पष्ट मत आहे. कपडे त्याचेही आहेत आणि बाळही त्याचं आहे.

१५. मावशींना बाळाच्या शीचे कपडे धुवायला सांगावं का? त्यांचे खाडे झाले की सगळं कोलमडतं.

काम ठरवतानाच विचारा आणि त्याचे पैसे वेगळे ठरवा. बाळ झाल्यावर काम वाढलं पण पगार तोच, ही मावशींची रास्त तक्रार असते. त्यांनी होकार दिला तरी शी आपण आधी पाडून द्यावी. आठवड्याची एक सुट्टी आणि महिन्याच्या एक-दोन रजा पगारी ठरवून टाका; मग खाडे अचानक न होता सांगून होतात आणि त्या दिवसाचं धुणं तुम्हाला आधी हलकं करता येतं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे, मावशींची तिथे नोंदणी झाली नसेल तर अर्ज भरायला हातभार लावा.

“बाळाशी खेळायला गावाहून एक लहान मुलगी आणू का?” असंही अधूनमधून विचारलं जातं. १४ वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे. ती मुलगी शाळेतच असायला हवी.

१६. सासूबाईंना मशीनमध्ये लंगोट टाकलेले चालत नाहीत. “मग त्यात देवाचं सोवळं कसं धुवायचं?” म्हणतात.

त्यांची भावना उडवून लावू नका, आणि हाताने धुण्याचं ओझं बाळंतिणीवरही टाकू नका. शी पाडून, एकदा पाण्यातून काढलेलेच लंगोट मशीनमध्ये जातील, त्यांची फेरी वेगळी असेल, आणि सोवळं नेहमीसारखं हाताने वेगळं धुतलं जाईल, एवढं ठरलं की बहुतेक घरांत वाद मिटतो. शक्य असेल तर हे बोलणं त्यांच्या लेकाने करावं.

१७. घरात उलट्या-जुलाब, उवा किंवा खरूज आली तर कपड्यांचं काय?

उलट्या-जुलाबात घाण आधी संडासात, मग ते कपडे वेगळे, ६० अंशांवर किंवा उकळत्या पाण्यात भिजवून धुवा. नंतर हात साबणाने धुवा. जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

उवा डोक्याला डोकं लागून पसरतात आणि डोक्यावरून खाली पडल्यावर एक-दोन दिवसांत मरतात. सगळं घर उलथून धुऊ नका. उशीचे अभ्रे, टॉवेल, टोप्या, कंगवे गरम पाण्यातून काढा, बस. खरजेत मात्र गेल्या तीन दिवसांत वापरलेले सगळ्यांचे कपडे आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं, तेव्हा धुण्याचा दिवसही तोच ठरवा.

१८. चार वर्षांचं मूल रात्री अंथरूण ओलं करतं. रोज गादी कशी धुणार?

गादी ओली होऊच देऊ नका. गादीवर रबरी शीट, त्यावर चादर, त्यावर पुन्हा रबरी शीट आणि पुन्हा चादर असे दोन थर घाला. रात्री वरचा थर ओढून काढला की खाली कोरडं अंथरूण तयार असतं, दिवा लावायलाही नको. गादीपर्यंत गेलंच तर कोरड्या पंचाने दाबून ओल टिपा, खायचा सोडा पसरून ठेवा आणि उन्हात टाका. या वयात हे चालतंच, मुलाला रागावू नका. कोरडं झोपणारं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

१९. सिझेरियन झालं आहे. धुणं कधीपासून करू?

वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोची असते. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं डॉक्टर सांगतात, आणि ओल्या चादरींचा पिळाही त्यातच येतो. बसून घड्या घालायला हरकत नाही. टाक्यांतून स्राव, ताप, किंवा थांबत आलेलं रक्त पुन्हा वाढलं तर काम सोडा आणि दवाखान्यात जा.

२०. धुण्याच्या जागी मुलांना कसला धोका असतो?

सर्वांत मोठा धोका बादलीचा. नुकतं उभं राहणारं मूल बादलीत डोकावतं, डोक्याच्या भाराने आत पडतं आणि त्याला बाहेर निघता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. भिजवलेलं धुणं मोरीत ठेवून दार नुसतं लोटू नका, कडी लावा. पुढून उघडणाऱ्या मशीनला चाइल्ड लॉक लावा. हवेसाठी दार उघडं ठेवायचं असेल तर मूल त्या खोलीत नसताना.

ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकाच जागी ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिडही नको. सुटं फिनेल किंवा ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाने काही प्यायलंच तर तोंड पुसा, उलटी काढायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका, आणि ती बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

डांबरगोळ्यांबद्दल: पहिल्या मुलाचे जपून ठेवलेले कपडे किंवा आजीची गोधडी ट्रंकेतून काढून थेट बाळाला घालू नका. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. नॅफ्थलीनच्या गोळ्यांच्या नुसत्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. ते कपडे दोनदा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हावाऱ्यात ठेवा. पुढच्या साठवणीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरे.

२१. ढीग समोर दिसतो, पण उठावंसंच वाटत नाही. रडू येतं. हा आळस आहे का?

नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतला हळवेपणा बहुधा आपोआप ओसरतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं राहिलं, बाळाजवळही जावंसं वाटेना, झोप मिळूनही लागेना, तर ते आजारपण आहे आणि त्याला उपचार आहेत. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना सांगा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर थांबू नका, घरातल्या माणसाला लगेच सांगा आणि त्याच वेळी दवाखान्यात जा. घरच्यांनी हे वाचत असाल तर धुणं आजपासून तुमच्याकडे घ्या, विचारत बसू नका.

२२. आम्ही परदेशात आहोत, गॅलरीत कपडे वाळत घालायला परवानगी नाही. मालिशीची दुपटी ड्रायरमध्ये चालतात का?

साधे कपडे चालतात, तेलाची दुपटी नाहीत. खोबरेल, तीळ, मोहरी, बदाम, कुठलंही तेल धुऊनही कापडात थोडं राहतं. ड्रायरच्या उष्णतेत ते तापतं आणि गरम कपड्यांचा ढीग तसाच आत राहिला तर आपोआप पेट घेऊ शकतो, मशीन बंद झाल्यानंतरही. मालिशीची कापडं प्रश्न ४ प्रमाणे धुऊन न्हाणीघरात एकेरी टांगून वाळवा. तेलाचा वास येणारं काहीही ड्रायरमध्ये घालू नका. दर फेरीनंतर जाळीतला कापसासारखा कचरा काढा. सुती झबली आणि कुर्ते ड्रायरमध्ये आटतात, म्हणून भारतातून मागवताना एक माप मोठं मागवा.